पाठवणी : एक प्रस्तावना

बीड जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात मी बारा वर्षं मास्तरकी केली. तिथं मोंढ्याच्या कोपऱ्यावर खताचं एक बंद पडलेलं दुकान होतं आणि त्याच्या ओट्यावर एक माणूस राहायचा. ऐन वैशाखातही अंगावर एकावर एक तीन सदरे, पायांत दोन जातीच्या दोन चपला, उशाला युरियाच्या पोत्याचं गाठोडं. गाव त्याला 'मास्तर' म्हणायचं, कारण तो कोळशानं दुकानाच्या शटरवर पाढे लिहायचा. मी समोरून चाललो की हॉटेलातली पोरं मला ऐकू जाईल अशा बेतानं म्हणायची, "गुरुजी, तुमचे साहेब बसलेत बघा." मीही हसायचो.

एका वर्षी नवरात्र तोंडावर आलं तेव्हा त्याचं काय करायचं याची चर्चा सुरू झाली. देवीच्या वाटेवरच बसतो, बायाबापड्या घाबरतात, घाण करतो. चर्चा कसली, निकाल आधीच लागलेला होता. व्यापाऱ्यांनी वर्गणी काढली. मी पन्नास रुपये दिले. रात्री पिकअप आला. "चला मास्तर, घरी जायचंय," असं कोणीतरी म्हणालं आणि तो माणूस एका शब्दानं न भांडता गाडीत चढला. गाठोडं खाली राहिलं होतं. एकानं ते पायानं नालीत सारलं. ड्रायव्हरला एवढंच सांगितलं होतं की जिल्ह्याच्या पार सोड, परत यायला नको.

नवरात्र छान पार पडलं. दसऱ्यानंतर एका सकाळी स्टँडच्या भिंतीला टेकून एक बाई बसलेली दिसली. तिची भाषा कोणाला कळेना. कोणी तेलुगू म्हणे, कोणी कानडी. आमच्या शाळेचा शिपाई मोठा निरीक्षक होता. तिला पाहून आला आणि म्हणाला, "सर, तिचे तळपाय बघा. चालत आलेली नाही ती." तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. आम्ही जसा आमचा माणूस कोणाच्या तरी दारात नेऊन टाकला, तसाच कोणीतरी आपला आमच्या दारात आणून टाकला होता. वर्गणी त्यांनीही काढली असेल.

आता अंबाजोगाईतली काही तरुण मुलं रस्त्यावरच्या मनोरुग्णांविषयी एक छोटी पुस्तिका काढताहेत. चहावाल्यांनी, एसटीच्या वाहकांनी, ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी वाचावी अशी. तिला चार शब्द लिहून द्या म्हणून मुलं माझ्याकडे आली, तेव्हा मी त्यांना आधी हा पन्नास रुपयांचा हिशेब सांगितला. तरीही लिहा म्हणाली. म्हणून लिहितो आहे.

आपल्याकडे अशा माणसाला एक शब्द सरसकट लावला जातो : बेवारस. बेवारस प्रेत, बेवारस मोटारसायकल, बेवारस बॅग आणि बेवारस वेडा. शब्दातच निकाल आहे. वारस नाही, म्हणजे विचारणारा नाही, म्हणजे त्याचं काहीही केलं तरी चालतं. प्रत्यक्षात रस्त्यावरच्या या माणसांपैकी बहुतेकांना घर असतं, आईबाप असतात, लग्न झालेलं असतं, सातबाऱ्यावर नावसुद्धा असतं. मुंबईच्या डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्यानं 1988 साली श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशन सुरू केलं, ते अशाच एका माणसावरून. एक तरुण नारळाच्या करवंटीनं गटारातलं पाणी पीत होता. त्याला त्यांनी दवाखान्यात आणलं. बरा होऊन बोलायला लागल्यावर कळलं की तो आंध्रातला, पॅथॉलॉजीचं शिक्षण घेतलेला, चांगल्या घरचा मुलगा आहे. 2006 पासून मुंबईजवळच्या कर्जतला त्यांचं केंद्र आहे. 2018 साली डॉ. भरत वाटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तोवर त्यांच्या संस्थेनं सात हजारांच्या वर माणसं देशभरातल्या आपापल्या घरी पोहोचवली होती. मनोरुग्ण रस्त्यावर येतो तो घर नाही म्हणून नव्हे. आजारात तो घराबाहेर पडतो, चालत राहतो, मिळेल त्या गाडीत बसतो आणि मग परतीची वाट त्याच्या डोक्यातून पुसली जाते. आपण जी पाठवणी करतो तिनं ती वाट आणखी शंभर किलोमीटरनं लांबते.

कायदा काय म्हणतो ते पुस्तिकेत सविस्तर दिलं आहे. मी फक्त त्यातला कणा सांगतो, कारण तो पोलीस ठाण्यातही सगळ्यांना ठाऊक असतो असं नाही. 2017 चा मानसिक आरोग्य सेवा कायदा 29 मे 2018 पासून लागू आहे. त्याच्या कलम 100 प्रमाणे, मानसिक आजारामुळे स्वतःची काळजी घेऊ न शकणारा माणूस हद्दीत भटकताना दिसला तर त्याला संरक्षणात घेणं हे ठाणेदाराचं कर्तव्य आहे. 24 तासांच्या आत त्याला जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचं. कोठडीत टाकायचं नाही. तो बेघर असेल तर हरवलेल्या माणसाची नोंद करायची आणि त्याचं घर शोधायचं, हेही त्याच कलमात आहे. दंडाधिकारी तपासणीसाठी त्याला दहा दिवसांपर्यंत दाखल करून घ्यायला सांगू शकतात. बेघर आणि निराधारांना उपचार फुकट. साखळीनं बांधायला पूर्ण बंदी, घरातही आणि देवस्थानातही. घरातलं कोणी अशा माणसाला गोठ्यात कोंडून ठेवत असेल, उपाशी ठेवत असेल, तर ते पोलिसांना कळवणं शेजाऱ्यांवरही बंधनकारक आहे. थोडक्यात, आम्ही त्या रात्री पिकअपला जे पैसे दिले त्याऐवजी ठाण्यात एक अर्ज द्यायला हवा होता. तेव्हा हा कायदा नव्हता, अशी सबब मी सांगू शकतो. पण असता तरी मला ठाऊक नसता.

आता अर्ज दिला की गंगेत घोडं न्हालं असं मात्र नाही. त्या बाईच्या बाबतीत आम्ही दोघातिघांनी थोडं प्रायश्चित्त म्हणून धडपड केली. महिला पोलीस नाही म्हणून एक दिवस गेला, गाडी नाही म्हणून दुसरा. दवाखान्यात गेलो तर खिडकीतल्या माणसानं कागद पुढं सरकवला. रकाना होता : नातेवाईकाचं नाव व सही. आम्ही म्हटलं, नातेवाईक असता तर ही इथं असती का? तो म्हणाला, "साहेब, मला रकाना कोरा सोडता येत नाही." त्याचंही खरं होतं. शेवटी शिपायानं पेन घेतला आणि 'भाऊ' म्हणून स्वतःची सही ठोकली. खोटी सही, पण त्या कागदावरची मला तेवढीच खरी गोष्ट वाटली.

नंतर तिला कुठं पाठवायचं, हा प्रश्न तर मराठवाड्याच्या भूगोलातलाच आहे. महाराष्ट्रातली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं म्हणजे ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी. चारही इंग्रजी अमलाखालच्या मुलखात उभी राहिलेली. मराठवाडा निजामाकडे होता, म्हणून आपल्या वाट्याला काही आलं नाही, असं मी बरीच वर्षं समजत होतो. तेही अर्धंच खरं. निजामाच्या राज्याचं मनोरुग्णालय कित्येक वर्षं जालन्यातच होतं. 1953 च्या सुमारास ते उचलून हैदराबादला, एरागड्ड्याला नेलं गेलं. पुढं राज्यं वेगळी झाली, दवाखाना तिकडं राहिला आणि आपण इकडं. आता जालन्याला नव्या प्रादेशिक मनोरुग्णालयाची मंजुरी झाली आहे. जे घरात होतं ते घालवून सत्तर वर्षांनी परत मागायचं, हा आपला नेहमीचाच कारभार. तोवर बीडच्या माणसाला येरवडा गाठायचं म्हणजे दोनशे किलोमीटरच्या वर. भ्रमिष्ट माणसाला घेऊन हा प्रवास ज्यानं एसटीनं केला असेल त्यालाच त्याची लांबी ठाऊक.

जवळ काहीच नाही असंही नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय 1974 पासून आहे, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम आहे, 14416 या टेली-मानसच्या क्रमांकावर मराठीत बोलणारं माणूस मिळतं. आष्टीच्या पलीकडं अहिल्यानगरला डॉ. राजेंद्र आणि डॉ. सुचेता धामणे यांचं माउली सेवा प्रतिष्ठान आहे, फक्त रस्त्यावरच्या मनोरुग्ण स्त्रियांसाठी. त्यांच्याबरोबर तिथं त्यांची लेकरंही राहतात. ही लेकरं कुठून आली याचा विचार करायला लागलं की पुरुषाची मान खाली जाते. रस्त्यावर वेडी म्हणून फिरणाऱ्या बाईला गाव दिवसा हाकलतं. रात्री काय करतं, त्याचा पुरावा त्या पाळण्यांत आहे. म्हणून पुस्तिकेत बाईसाठी वेगळा नियम केला आहे आणि तो मला पटतो : बाई दिसली तर त्याच दिवशी, अंधार पडायच्या आत कळवायचं. उद्यावर टाकायचं नाही.

इथं कोणी म्हणेल, आपला समाज एवढा निर्दय नाही. नाहीच. उलट आपली दया मोठी आहे, फक्त तिला दोनच वाटा ठाऊक आहेत. एक जेवणाची. वाढदिवसाला वडापाव, अमावास्येला भात, आणि अलीकडं त्याचा व्हिडिओ. मी अन्नाला नावं ठेवत नाही. करोनाच्या टाळेबंदीत हॉटेलं बंद झाली तेव्हा आमच्या लक्षात आलं की गावातली अशी चार माणसं निव्वळ हॉटेलवाल्यांच्या जिवावर जगत होती आणि त्याचा गाजावाजा त्या हॉटेलवाल्यांनी कधी केला नव्हता. पण पाच-पाच वर्षं एका माणसाला रोज चहा द्यायचा आणि त्याच्या पायातली जखम, तिच्यातले किडे, त्याचं हवेशी बोलणं हे सगळं जणू त्याच्या अंगचंच आहे असं धरून चालायचं, यात कुठंतरी आपली सोय आहे. असं हवेशी बोलायला लावणाऱ्या स्किझोफ्रेनियाला औषध आहे. औषध सुरू झालं की कित्येक माणसं काही आठवड्यांत आपलं नाव सांगतात.

दुसरी वाट देवाची. महाराष्ट्राइतकी वेड्याला वाट करून देणारी भूमी दुसरी नसेल. शेगावला 23 फेब्रुवारी 1878 रोजी गजानन महाराज पहिल्यांदा दिसले ते उष्ट्या पत्रावळीतली शितं वेचताना, असं परंपरा सांगते. त्याही आधी, तेराव्या शतकात, ऋद्धिपूरचे गुंडम राऊळ. चक्रधरांचे गुरू. म्हाइंभटांनी त्यांच्या लीळा गोळा केल्या आहेत. हा पुरुष कोणाच्याही घरात शिरतो, हवं ते उचलून खातो, मध्येच हसतो, मध्येच रुसतो. भाविकांना त्यात ईश्वर दिसतो आणि त्या श्रद्धेत मला पडायचं नाही. मला त्या लीळांत गाव दिसतं. गावाला त्याच्या वेळा ठाऊक आहेत, आवडीनिवडी ठाऊक आहेत, कोणी रागावतं, कोणी जेवू घालतं, पण त्याला गावाबाहेर नेऊन टाकावं असं कोणाच्या मनात येत नाही. बेल्जियममधल्या खेल (Geel) नावाच्या गावात शेकडो वर्षांपासून लोक मनोरुग्णांना आपल्या घरात ठेवून घेतात. त्याची सुरुवातही एका संत स्त्रीच्या देवळापासून झाली. जगभर त्या गावाचं नाव घेतात. ऋद्धिपूरचं कोणी घेत नाही.

पण याच वाटेला दुसरं टोकही आहे. बुलढाणा जिल्ह्यातल्या सैलानी बाबांच्या दर्ग्यावर मराठवाडा-विदर्भातून बाहेरचं झालेली म्हणून माणसं आणतात. काहींना साखळदंडानं आणलेलं मी पाहिलं आहे. देवऋष्याकडं, भगताकडं, मढीला, जिथं जिथं म्हणून कोणी नाव सांगेल तिथं घर पैसा घालत जातं आणि आजार मुरत जातो. तमिळनाडूत एरवाडीच्या दर्ग्याजवळ 6 ऑगस्ट 2001 च्या पहाटे झोपडीला आग लागली. आतली माणसं खांबांना साखळ्यांनी बांधलेली होती. 28 जण गेले. देवाला जाऊ नका, असं मी कोणालाही सांगणार नाही. सांगून कोणी ऐकतही नाही. पुस्तिका काढणाऱ्या मुलांनी शहाणपणा केला आहे. त्यांनी लिहिलं आहे : अंगारा लावा, पण गोळी चुकवू नका.

गोळीवरून एक वादही झाला. एक चहावाले मामा स्टँडवरच्या माणसाला चहातून गोळी विरघळवून देत होते, आणि माणूस सुधारत होता. मुलांना हे पुस्तिकेत घालायचं होतं. मी अडून बसलो. कारण ज्या माणसाचा आजारच असा की जग आपल्यावर विष घालतंय असं त्याला वाटतं, त्याला खरोखरच चहातून काही घातलं जातंय हे एक दिवस कळलं, की तो त्या मामांच्या हातचं पाणीही पिणार नाही. आणि मग त्याचा एकमेव माणूस तुटेल. मामांनी मला उलट विचारलं, "अन् नाही दिली तर, गुरुजी? मरू द्यायचं का?" माझ्याकडं त्याला चोख उत्तर नव्हतं. डॉक्टरांना विचारून पुढं ठरलं की सांगूनच द्यायची. "ही झोपेची गोळी आहे, तुमच्या डोक्यातली कलकल कमी करते," असं मामा रोज सांगायचे. नऊ दिवस त्यानं थुंकली. दहाव्या दिवशी घेतली.

अनोळखी फिरस्त्याला भुकेपेक्षा मोठा धोका आता मोबाइलचा आहे. 1 जुलै 2018 ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून जमावानं पाच जणांना ठेचून मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी होते, पोटासाठी हिंडणारे, आणि बोलून आपली ओळख सांगू शकणारे. जो ओळखच सांगू शकत नाही त्याचं काय होईल? म्हणून गावात नवा भ्रमिष्ट माणूस आला तर सरपंचानं, पोलीस पाटलानं त्याच दिवशी गावाच्या ग्रुपवर सांगावं की हा आजारी आहे, ठाण्याला कळवलं आहे, कोणी हात लावू नये. दोन ओळींचं काम आहे.

घरी पोहोचवल्यानंतरचं काम मात्र दोन ओळींचं नाही, आणि या पुस्तिकेचा सगळ्यात मोलाचा भाग मला तोच वाटतो. माणूस बरा होऊन घरी येतो, गाव ढोल वाजवतं, हार घालतं, आणि तीन महिन्यांनी तो पुन्हा रस्त्यावर. का? तर गोळ्या संपल्या. बीडसारख्या जिल्ह्यात हे कॅलेंडर आधीच ठरलेलं असतं. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली घरं कोयता घेऊन ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात, ती पाडव्याच्या आगंमागं परततात. मागं राहतात म्हातारी आणि शाळेतली पोरं. आजारी माणसाला नेलं तर फडात गोळी कोण देणार, आणि ठेवलं तर गावात कोण देणार? नेलेल्यातली काही तिकडंच वाट चुकतात. अंबाजोगाईत द्वारकादास लोहियांनी 1982 साली मानवलोक सुरू केलं. दुष्काळात, स्थलांतरात मागं उरलेल्या निराधार म्हाताऱ्यांना गावातच शिजवलेलं जेवण मिळावं, अशी व्यवस्था त्या संस्थेनं गावोगाव लावून दाखवली आहे. ज्या हातानं ताट पोहोचतं त्या हातानं गोळीही पोहोचू शकते. आशाताईंकडं नाव असावं, कारखान्यावर जाण्याआधी तीन महिन्यांचं औषध आणि चिठ्ठीची झेरॉक्स सोबत द्यावी, टोळीतल्या एका माणसाला ठाऊक असावं. दर महिन्याला इंजेक्शन घ्यायचं असेल तर एसटीचं भाडं कोणाच्या खिशातून जाणार हेही आधीच बोललेलं बरं. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यानं मानसिक आजार अपंगत्वात धरला आहे. त्याचा दाखला निघाला की सवलती आणि संजय गांधी निराधारची वाट मोकळी होते. हे कंटाळवाणं काम आहे. याचा व्हिडिओ निघत नाही.

ज्यांना घरच उरलं नाही, किंवा घर दार उघडत नाही, त्यांचं काय, हा प्रश्न पुस्तिकेनं अर्ध्या पानात आटोपला आहे. माझी तेवढी तक्रार आहे. रत्नागिरीच्या मनोरुग्णालयात वर्षानुवर्षं पडून असलेली माणसं 'द बनियन' या चेन्नईच्या संस्थेच्या मदतीनं भाड्याच्या साध्या घरांत चार-पाच जणांनी मिळून राहताहेत, स्वतः भाजी आणताहेत. आपल्याकडं असं घर कोणी भाड्यानं देईल का? मी माझ्याच गल्लीत विचारून पाहिलं. पहिला प्रश्न आला, "जात काय त्यांची?" दुसरा आला, "मारत-बिरत नाहीत ना?"

आता पुस्तिकेच्या शेवटच्या पानाविषयी. ते पान फाडून भरायचं आहे. माणूस कुठं दिसला, कधीपासून, भाषा कोणती, अंगावर गोंदण आहे का, बोटांचे ठसे उमटतात का. हे शेवटचं महत्त्वाचं, कारण आधारच्या ठशांवरून नागपूरला अशी हरवलेली माणसं घरी पोहोचली आहेत. गाठोड्यात काय आहे, हा रकाना आहे आणि त्याखाली ठळक सूचना : न विचारता गाठोडं उघडू नये, फेकू तर मुळीच नये. आमच्या मास्तरच्या गाठोड्यात काय होतं ते नालीतच गेलं.

मी त्या पानावर एक रकाना वाढवायला सांगितला आणि मुलांनी तो घातला : जमिनीवर, भिंतीवर काय लिहितो? शटरवरचे ते पाढे मी दीड वर्ष रोज पाहत होतो. देवनागरी आकडे, पाचाचं पोट आमच्या पिढीला घोटवून घेत तसं, आणि प्रत्येक पाढ्याखाली दोन रेघा. मराठी शाळेत, चांगल्या गुरुजींच्या हाताखाली शिकलेला माणूस होता तो. नवरात्रानंतर दुकानमालकानं शटर रंगवून घेतलं, तेव्हा सतराचा पाढा एकशे एकोणीसपर्यंत आला होता.